मात्सुएचा हेरुन-सान

जपानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ मात्सुए नावाचे एक जुने शहर आहे. पश्चिमेला शिन्जी सरोवर, पूर्वेला नाकाउमी नावाची खाडी आणि या दोन पाण्यांना जोडणारी ओहाशी नदी शहराच्या ऐन मध्यातून वाहते. टेकडीवर सतराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला लाकडी किल्ला उभा आहे. या शहरात ३० ऑगस्ट १८९० रोजी, चार दिवस माणसांनी ओढलेल्या रिक्षातून डोंगर ओलांडून आणि अखेरचा टप्पा छोट्या आगबोटीने पार करून एक परदेशी मास्तर उतरला. बुटका, चाळिशीचा, अंगाने किरकोळ. डावा डोळा पूर्ण गेलेला. उजवा ताण पडून पुढे आलेला आणि इतका अधू की पुस्तक नाकाला टेकवल्याखेरीज अक्षर दिसू नये. फोटो काढताना तो नेहमी मान खाली किंवा बाजूला वळवी, म्हणजे गेलेला डोळा कोणाला दिसू नये.

या अर्ध्या नजरेच्या माणसाने मात्सुएत जे पाहिले, ते पूर्ण नजरेच्या किती प्रवाशांनी पाहिले असेल, याची मला शंका आहे. त्याचे नाव लाफ्काडिओ हर्न. इंग्रजी साहित्याच्या आपल्या अभ्यासक्रमात हे नाव सहसा येत नाही आणि तेही स्वाभाविक आहे, कारण तो नेमका कोणत्या देशाचा लेखक हे सांगणे अवघड. आई ग्रीक, बाप आयरिश, तरुणपण अमेरिकेत आणि मरण जपानमध्ये, तेही जपानी नावाने.

त्याचा जन्म २७ जून १८५० रोजी ग्रीसजवळच्या लेफ्काडा बेटावर झाला. बेटाच्याच नावावरून त्याचे नाव पडले. वडील चार्ल्स हर्न हे ब्रिटिश सैन्यात डॉक्टर होते. आई रोझा त्या बाजूच्याच किथिरा बेटावरची. मूल दोन वर्षांचे झाले तेव्हा चार्ल्सने दोघांना आपल्या घरी, डब्लिनला पाठवले. आणि स्वतः? नोकरीच्या गावी. रोझाला इंग्रजी येत नव्हते, तिथली थंडी सोसत नव्हती, धर्म वेगळा, खाणेपिणे वेगळे. इ. स. १८५४ मध्ये ती ग्रीसला परतली आणि चार वर्षांच्या मुलाला आई पुन्हा कधीच दिसली नाही. पुढे चार्ल्सने विवाहाच्या कागदावर तिची सही नसल्याचे निमित्त काढून तो विवाहच रद्द ठरवून घेतला, दुसरे लग्न केले आणि नव्या बायकोला घेऊन तो हिंदुस्थानात, सिकंदराबादच्या छावणीत आला. इ. स. १८६६ मध्ये हिंदुस्थानातून परतताना सुएझजवळ बोटीवर हिवतापाने त्याचा अंत झाला. रोझा १८८२ मध्ये कॉर्फूच्या वेड्यांच्या इस्पितळात वारली. एका सहीच्या अभावी एक बाई बायको ठरली नाही, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. हर्नच्या आयुष्यात कागद पुन्हा येणार आहे.

मुलाला वडिलांच्या मावशीने वाढवले. बाई श्रीमंत आणि धार्मिक. पोराला अंधाराची भीती वाटते, भुते दिसतात, म्हणून त्याची भीती मोडण्यासाठी त्याला रात्री काळोख्या खोलीत बंद करून ठेवीत. या उपचाराने भीती गेली नाही. भुते मात्र जन्मभर सोबतीला राहिली. सोळाव्या वर्षी इंग्लंडमधल्या शाळेत खेळताना डोळ्याला मार लागला आणि डावा डोळा गेला. पाठोपाठ आजीबाईंचे पैसे एका नातलगाच्या व्यापारात बुडाले. शिक्षण थांबले आणि एकोणिसाव्या वर्षी त्याला अमेरिकेचे तिकीट काढून देण्यात आले.

सिनसिनाटी शहरात तो तबेल्यात झोपला, मिळेल ते काम केले. एका म्हाताऱ्या मुद्रकाने त्याला आसरा दिला, हाती खिळे दिले आणि पुढे तो वार्ताहर झाला. खून, स्मशान, गरिबांची वस्ती ही त्याची बातमीची क्षेत्रे. इ. स. १८७४ मध्ये त्याने मॅटी फोली या गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीशी लग्न केले. गोऱ्याने काळ्या वंशाच्या स्त्रीशी केलेले लग्न त्या राज्यात बेकायदा होते. बातमी पसरली आणि वर्तमानपत्राने त्याला काढून टाकले. इथपर्यंत हर्न आपल्याला शूर वाटतो. पण संसार टिकला नाही. इ. स. १८७७ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला निघून गेला आणि मॅटी मागे राहिली. त्याच्या मृत्यूनंतर तिने वारसा सांगितला, पण लग्नच कायद्याने नव्हते म्हटल्यावर तिच्या पदरात काही पडले नाही. हर्नचे चाहते हे प्रकरण दोन ओळींत उरकतात. मला तसे करवत नाही. बापाने जे केले त्याच्याच जवळ जाणारे काहीतरी मुलाने केले होते, आणि याची टोचणी त्याच्या मनात असल्याखेरीज पुढचा हर्न उलगडत नाही असे मला वाटते.

न्यू ऑर्लिन्सची दहा वर्षे आणि मार्टिनिक बेटावरची दोन हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. एप्रिल १८९० मध्ये एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला म्हणून तो योकोहामाला उतरला आणि थोड्याच दिवसांत मासिकाशी भांडून मोकळा झाला. खिशात पैसे नाहीत. टोकियोच्या विद्यापीठातले प्राध्यापक चेंबरलेन आणि शिक्षण खात्यातले हात्तोरी यांच्या खटपटीने त्याला मात्सुएच्या माध्यमिक शाळेत व अध्यापक विद्यालयात इंग्रजी शिकवण्याची नोकरी मिळाली. महिना १०० येन पगार. त्या गावाच्या मानाने ही रक्कम मोठीच होती.

मात्सुएत हर्नला पहिल्यांदा जे भेटले ते आवाज होते. नदीकाठच्या घरात तो पहाटे जागा होई तो जमिनीतून येणाऱ्या धपधप आवाजाने. तांदूळ सडणाऱ्याचे भले थोरले मुसळ ते. आपल्या कोकणातल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पण हर्नला तो आवाज म्हणजे त्या देशाच्या नाडीचा ठोका वाटला. मग एका झेन मंदिराची मोठी घंटा, मग नगारा, मग भाजी आणि सरपण विकणाऱ्यांच्या आरोळ्या. खिडकी उघडावी तर नदी धुक्यात बुडालेली. धुक्यातून टाळ्या ऐकू येत. घाटाच्या पायऱ्यांवर लोक तोंड धुऊन उगवत्या सूर्याकडे वळून टाळ्या वाजवून नमस्कार करीत. आणि उन्हे वर आली की पुलावर लाकडी खडावांचा खडखडाट सुरू होई. शेकडो पावले, प्रत्येक खडावेचा सूर निराळा. हे सगळे मात्सुएच्या माणसांनी जन्मापासून ऐकले होते. त्यामुळे त्यांना ते ऐकू येत नव्हते.

मग तो गाव हिंडू लागला. शाळेतला सहकारी निशिदा सेन्तारो हा त्याचा सखा, दुभाषा आणि मार्गदर्शक. क्षयाने पोखरलेला हा तरुण शिक्षक पुढे १८९७ मध्ये वारला. हर्नला परदेशी पाहुण्याला दाखवतात ती स्थळे नको असत. त्याला कोपरे हवे असत. किल्ल्याच्या झाडीत इनारी देवाचे एक ठाणे होते. तिथे त्याला कोल्हे सापडले, दगडाचे, शेकड्यांनी. लहान, मोठे, शेवाळलेले, नाक फुटलेले, ओळीने बसून येणाऱ्याकडे बघणारे. या देवाचा कोल्ह्याचे चित्र असलेला कागद घराला लावला की आग लागत नाही अशी गावाची श्रद्धा, आणि सगळे शहर लाकडाचे, त्यामुळे घरोघरी हा कागद. शाळेत जाता-येता तो या कोल्ह्यांकडे डोकावत असे. आणखी एका मंदिरात, जिथे मात्सुएच्या सरदार घराण्याच्या समाध्या आहेत, तिथे पाठीवर शिलालेख घेतलेले दगडी कासव होते. ते रात्री उठून गावात फिरते असे लोक सांगत.

पण सर्वांत विलक्षण गोष्ट त्याला पुलावर मिळाली. ओहाशी नदीवरचा पहिला पूल बांधताना खांब ठरेनात, तेव्हा गेन्सुके नावाच्या माणसाला मधल्या खांबाखाली जिवंत पुरले, अशी दंतकथा होती. तो नदीकाठच्या एका गल्लीत राहणारा. ठरलेल्या दिवशी, घोळदार विजारीला मागे असते ती ताठ पट्टी न लावता जो पुलावर प्रथम येईल त्याला धरायचे असे ठरले होते, आणि हा बिचारा नेमका तसा आला. आता ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. परंतु हर्नच्या काळात जुना पूल काढून नवा लोखंडी पूल उभा राहत होता, आणि गावात आवई उठली की नव्या पुलालाही बळी हवा आहे, आणि जुन्या पद्धतीने केसांची शेंडी बांधणाऱ्यांतूनच तो निवडणार. ताबडतोब शेकडो म्हाताऱ्यांनी शेंड्या कापल्या! पुढे दुसरी आवई आली की पुलावरून जाणाऱ्या हजाराव्या माणसाला पोलीस पकडणार. झाले. इनारीच्या जत्रेला खेड्यांतून येणारी गर्दी त्या वर्षी रोडावली आणि व्यापाऱ्यांचे नुकसान झाले. आपल्याकडे धरण वा पूल बांधताना मुले पळवतात अशी बोंब उठे, ती ज्यांनी ऐकली आहे त्यांना हसू येईल आणि थोडे अवघडल्यासारखेही होईल. हर्न मात्र हसला नाही. शेंडी कापणाऱ्या म्हाताऱ्याची भीती त्याला कळत होती. काळोख्या खोलीत तो स्वतः राहून आला होता.

सप्टेंबर १८९० मध्ये निशिदाच्या ओळखीने तो इझुमोच्या महामंदिरात गेला. जपानचे सारे देव वर्षातून एक महिना या एकाच ठिकाणी जमतात असे मानतात, त्यामुळे इतर प्रांतांत त्या महिन्याला देव नसलेला महिना म्हणतात आणि इथे देव असलेला. तिथल्या अंतर्गृहात प्रवेश मिळालेला तो पहिला पाश्चात्त्य. त्याला तिथे नेणारी विद्वत्ता नव्हती. भाषा तर अजिबात येत नव्हती. तो नम्रपणे विचारत होता, एवढेच त्याचे भांडवल.

उतरला होता त्या खाणावळीत एक प्रसंग घडला. तिथल्या मोलकरीण मुलीचे डोळे आले होते. हर्न मालकाला वारंवार सांगे की हिला डॉक्टरकडे पाठवा. मालक हो हो म्हणे आणि विसरे. एक दिवस हर्न संतापला, त्याने मुलीच्या औषधपाण्याची व्यवस्था केली आणि खाणावळच सोडली. डोळा म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते.

त्या वर्षीचा हिवाळा भयंकर पडला. कागदी भिंतींच्या घरात हर्न आजारी पडला. त्याचे घर सांभाळायला इ. स. १८९१ च्या आरंभी एक तरुणी आली. तिचे नाव कोइझुमी सेत्सू, वय तेवीस. आणि इथे मात्सुएची दुसरी बाजू सुरू होते, जी पहाटेच्या धुक्यात दिसत नाही.

सेत्सू सामुराई घराण्यातली. सामुराईंची वतने नव्या राजवटीत गेली आणि तलवारीखेरीज काही न शिकलेली ही घराणी देशोधडीला लागली. सेत्सूला शाळेची अतोनात आवड; पण अकराव्या वर्षी शाळा सोडून ती मागावर बसली आणि घर चालवू लागली. लग्न झाले, तर नवरा दारिद्र्याला कंटाळून पळून गेला. ज्या शहराला हर्न देवांच्या प्रांताची राजधानी समजत होता, त्याच शहरात ही मुलगी कापड विणून दत्तक आईबापांना व आजोबांना पोसत होती. परदेशी माणसाच्या घरी राहायला जाणे म्हणजे गावाच्या बोलण्याला तोंड देणे, हे तिला कळत नव्हते असे नाही. पण घरात खायला हवे होते. हर्नच्या मात्सुएविषयीच्या लिखाणावर भाबडेपणाचा आरोप होतो. तो काही प्रमाणात खरा आहे. त्याने खडावांचा नाद टिपला, मागाच्या खटखटीमागची भूक पुष्कळदा टिपली नाही. मात्र त्याने त्या भुकेचा भार उचलला, हेही खरे.

दोघांची भाषा एक नव्हती. त्यांनी आपली एक मोडकीतोडकी जपानी तयार केली, व्याकरण नसलेली, बाहेरच्याला न कळणारी. पुढे ती हर्न-सानची बोली म्हणून ओळखली गेली. मात्सुएच्या लोकांनी त्याच्या नावाचेही आपल्या जिभेला सोयीचे रूप केले होते: हेरुन-सान. आपण नावापुढे राव लावतो तसा तो सान. सेत्सू याच बोलीत त्याला गोष्टी सांगू लागली. पुस्तक समोर धरून वाचलेले त्याला चालत नसे. तिने आपल्या शब्दांत, आपल्या समजुतीने सांगावे असा त्याचा हट्ट. शाळा सुटलेल्या मुलीला असा विद्यार्थी मिळाला.

जून १८९१ मध्ये दोघे किल्ल्याच्या खंदकासमोरच्या एका सामुराई वाड्यात राहायला गेले. घर लहान, पण तीन बाजूंना बाग. हर्न शाळेतून येऊन किमोनो घाली आणि बागेकडे तोंड करून बसे. बागेत बेडूक होते आणि बेडकांसाठी येणारा साप होता. सापाने बेडूक खाऊ नये म्हणून हर्न आपल्या ताटातले काढून त्याला ठेवी. एकदा सरोवराकाठी पोरे मांजराच्या पिल्लाला बुचकळून छळत होती. सेत्सूने ते सोडवून आणले, तर याने ओले, कुडकुडणारे पिल्लू तसेच छातीशी धरले.

मात्सुएत ऐकलेल्या गोष्टींपैकी एक मी विसरू शकत नाही. नाकाबारा भागात एक दुकान होते. तिथे धान्यापासून केलेला गोड पाक मिळे. आईचे दूध नसलेल्या तान्ह्या मुलांना तो देत. रोज रात्री एक फिकट, पांढऱ्या वस्त्रातली बाई येई आणि अगदी थोडा पाक घेऊन, न बोलता निघून जाई. लोक मागे गेले तेव्हा ती स्मशानात शिरली. एका थडग्यातून मुलाचे रडणे ऐकू येत होते. थडगे उघडले, तर आत त्या बाईचे प्रेत आणि शेजारी कंदिलाकडे पाहून हसणारे जिवंत बाळ, जवळ पाकाची वाटी. बाईला पुरल्यानंतर बाळ जन्मले होते आणि मेलेली आई ते जगवत होती. हर्नने ही गोष्ट लहानशीच लिहिली आहे. चार वर्षांच्या वयात आई हरवलेल्या, तिचे एक चित्रही जवळ नसलेल्या माणसाने ती लिहिताना काय सोसले असेल, याची कल्पना करावी.

या घरात तो जेमतेम पाच महिने राहिला. एकंदर मात्सुएतला मुक्काम साडेचौदा महिन्यांचा. १५ नोव्हेंबर १८९१ रोजी तो गेला. का गेला? थंडी सोसेना हे एक कारण. दुसरे असे की आता सेत्सूचे सगळे कुटुंब त्याच्यावर अवलंबून होते आणि दक्षिणेत कुमामोतोला दुप्पट पगार मिळत होता. आवडते शहर त्याने त्याच शहरातल्या माणसांच्या जेवणासाठी सोडले. धक्क्यावर विद्यार्थी आणि गावकरी निरोपाला जमले होते. मात्सुएवरचे त्याचे दोन खंडांचे पुस्तक १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले, तोवर तो कुमामोतोला कंटाळला होता. ते लष्करी शिस्तीचे, धुराड्यांच्या दिशेने निघालेले नवे जपान त्याला मानवले नाही.

इ. स. १८९३ मध्ये मुलगा झाला, काझुओ. आणि पुन्हा कागदाचा प्रश्न आला. परदेशी माणसाशी कायद्याने विवाह केला तर सेत्सूचे जपानी नागरिकत्व जाणार; न केला तर हर्नच्या पश्चात तिला आणि मुलाला काहीच मिळणार नाही, सगळे दूरच्या नातेवाइकांकडे जाणार. रोझाला डब्लिनमध्ये परकी करून ठेवणाऱ्या बापाचा हा मुलगा. मॅटीला मागे ठेवून आलेला हा नवरा. त्याने तिसरा मार्ग काढला. बायकोला आपल्या देशाची करण्याऐवजी तो बायकोच्या देशाचा झाला. इ. स. १८९६ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व सोडून, सासरचे आडनाव घेऊन तो कोइझुमी याकुमो झाला. याकुमो म्हणजे आठ पदरी ढग. इझुमो प्रांताच्या एका प्राचीन गीतातला हा शब्द आहे. मात्सुए सुटले, पण त्याचा प्रांत नावात राहिला. या वेळी सही, शिक्के, नोंदी सगळे यथासांग झाले.

याची किंमत मोजावी लागली. टोकियोच्या विद्यापीठात त्याने इ. स. १८९६ पासून इंग्रजी साहित्य शिकवले, विद्यार्थी त्याच्यावर जीव टाकीत. पण १९०३ मध्ये त्याला एका पत्राने कमी करण्यात आले. विद्यार्थ्यांनी निषेध केला, उपयोग झाला नाही. त्याच्या जागी जे आले त्यांत नात्सुमे सोसेकी होते, पुढे जपानचे थोर कादंबरीकार झालेले. असो.

त्या शेवटच्या वर्षांत सेत्सू जुन्या बाजारातून भुतांच्या गोष्टींची पुस्तके शोधून आणी, रात्री दिवा बारीक करून सांगे आणि तो श्वास रोखून ऐके. होइची नावाच्या आंधळ्या गायकाची गोष्ट लिहिताना तो संध्याकाळ झाली तरी दिवा लावीना. सेत्सूने शेजारच्या खोलीतून हळूच होइचीच्या नावाने हाक मारली, तर त्याने आतून आंधळ्या होइचीच्याच भूमिकेत उत्तर दिले. या गोष्टींचे पुस्तक, क्वैदान, १९०४ मध्ये आले. इ. स. १९६४ मध्ये दिग्दर्शक कोबायाशी यांनी त्यावर केलेला चित्रपट जगभर गाजला. मुखपृष्ठावर एकाचे नाव आहे. गोष्टी दोघांच्या आहेत.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टोकियोच्या घराच्या बागेत चेरीच्या एका फांदीला अवेळी फुले आली. सेत्सूला तो अपशकुन वाटला. हर्नला मात्र आनंद झाला, आणि थंडीत ही फुले टिकणार नाहीत म्हणून तो हळहळलाही. २६ सप्टेंबर १९०४ रोजी, चौपन्नाव्या वर्षी, हृदयविकाराने तो गेला. टोकियोतल्या झोशिगाया दफनभूमीत कोइझुमी याकुमो या नावाने त्याचे थडगे आहे. सेत्सू पुढे सत्तावीस वर्षे जगली. घर, मुले, पुस्तकांचे हक्क कायद्याने तिचे होते. तिने सांगितलेल्या आठवणी इ. स. १९१४ मध्ये छापून आल्या, आणि हे बेडूक, साप, खाणावळीतली मुलगी, मांजराचे पिल्लू आपल्याला माहीत आहे ते त्या आठवणींमुळेच. मात्सुएतला खंदकासमोरचा तो वाडा अजून जपून ठेवला आहे. आत गेले की पाहुण्यांना त्याची बसण्याची खोली दाखवतात, तिथून तिन्ही बाजूंची बाग दिसते.